दुपारचे दोन कप

आमच्या हिचा आवाज मला आठवेनासा झाला, तेव्हा मी ते कॉम्प्युटरचं डबडं उचलून दुरुस्तीवालीकडे नेलं. हिला जाऊन तीन वर्षं झाली. चेहरा आठवतो, चाल आठवते, पण कानात काही वाजत नाही. परगावच्या लेकीने हा कॉम्प्युटर पाठवला होता आणि ही रोज दुपारी त्याच्यापुढे बसून काहीबाही बोलून ठेवायची, लेक आली की तिला ऐकवायला म्हणून. लेक माझ्या तोंडामुळे फिरकली नाही, ते सोडा. मी सुतार माणूस, शाळा चौथीपर्यंत. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि जे कळत नाही त्याचा मला राग येतो. संध्याकाळी कारखान्यातून आलो आणि ही अजून तिथेच दिसली, की मी सरळ भिंतीतला प्लग उपटायचो.

दुरुस्तीवाली लेकीच्याच वयाची, जिभेने तिखट. तिने बटण दाबलं, आत पंखा फिरला, काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ आली आणि तिथेच थांबली. तिने केबल बदलली, आतली एक पट्टी काढून खोडरबराने घासली, परत बसवली. पुन्हा तीच ओळ.

"काका, डिस्क सापडत नाही म्हणतंय. चालू असताना कुणी प्लग काढायचं का?"

"नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि डिस्क बाहेर काढून स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. आतून टिकटिक यायला लागली, लाकडात किडा कुरतडतो तशी.

"शेवटच्या घटका मोजतेय ही. एकदाच कॉपी निघेल, निघाली तर. तोवर मला बोलण्यात गुंतवू नका."

"बोलतोय कोण?"

"तुम्हीच. मघापासून."

मी स्टुलावर बसून राहिलो. बसल्या बसल्या उगाच आठवलं, की संध्याकाळी मोरीत नेहमी दोन कप पडलेले असायचे. "कोण आलं होतं?" मी खेकसायचो. "तुमच्याशिवाय कोण येणार?" ही म्हणायची, आणि मला वाटायचं, टोमणा मारतेय.

दुपारी टिकटिक थांबली. आवाजाच्या फायली बऱ्याच निघाल्या होत्या. तिने पहिली लावली आणि हिचा आवाज आला, अगदी तसाच, बोलता बोलता किंचित हसणारा.

"आज पाय जरा बरा आहे," ही सांगत होती. "जिना उतरले."

"कठडा धरून उतरलीस ना?" कुणीतरी विचारलं, आणि दोनदा खाकरलं.

भुशाने बसलेला माझाच घसा. दोनदा खाकरायची खोड.

"काय काका, काकूंशी किती गोड बोलायचात! आणि माझ्यावर मात्र सकाळपासून डाफरताय."

हिचा पाय दुखायचा हेच मला ठाऊक नव्हतं.

दहावी लावली, चाळिसावी लावली. सगळ्यांवर वेळ दुपारची, म्हणजे मी कारखान्यात करवतीपुढे उभा असायचो तेव्हाची. सबंध नोकरीत माझा एक खाडा नाही. पण प्रत्येक फाइलीत तो होता. औषध घेतलंस का विचारायचा, तिच्या त्याच त्या गोष्टी पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकायचा, आणि ती थांबली की "मग?" म्हणायचा. मी आयुष्यात तिला "मग?" म्हटलेलं नाही.

शेवटची फाइल तेवढी संध्याकाळची होती. दार आपटलं आणि दारातून मी ओरडलो. तो मात्र मीच. "बंद कर ते डबडं!" पावलं जवळ आली. तेवढ्यात अगदी कानाशी बोलावं तसं तो हळूच म्हणाला, "जाऊ दे गं. दमून आलाय."

पुढे काही नव्हतं.

"काका," दुरुस्तीवाली म्हणाली, "दारात तुम्ही होतात, तर मग..."

"प्लग मीच काढायचो," मी म्हणालो.

आता मी दुपारी घरीच असतो. दोन कप चहा करतो, एक माझ्यापुढे, एक त्या बंद डबड्याजवळ, आणि वाट बघतो. इतकी वर्षं ही काय काय बोलली ते त्याने मला एकदा सांगावं, एवढंच. तो काही सांगत नाही. माझा चहा तसाच गार होतो.

दुसरा कप मी रिकामाच उचलतो.