यीचेनचा बाऊ

निशिगंधाने यीचेनची पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, मोजे काढले, कोपरं उलटसुलट करून पाहिली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"बाओ बाओ," पाच वर्षांचा यीचेन भिंतीकडे बघत म्हणाला.

आखातातल्या अबू हमूरमधल्या या विशेष मुलांच्या शाळेत कोणी पडलं, की निशिगंधा नाशिकच्या सवयीने विचारायची, "बाऊ झाला?" एरवी मुका असलेल्या या चिनी पोराने आपलाच शब्द उचलला, म्हणून ती आधी हरखली होती. पण दिवसातून वीसदा अंग तपासून सगळं कौतुक आटलं.

"मॅडम, लागलेलं काहीच नसतं. उगाच रडगाणं," तिने सांगितलं.

मुख्याध्यापिका समीना मॅडमनी मान वर केली नाही. "मग इग्नोर कर. म्हणाला, की पाठ फिरव. सुटेल सवय."

निशिगंधाने इमानेइतबारे पाठ फिरवली. पहिल्या आठवड्यात तो रडला. दुसऱ्यात तिचा कुर्ता घट्ट धरून बसला, तेव्हा तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली. पाचव्या आठवड्यात खलास, आवाजच बंद. मॅडमनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली आणि संपत आलेला करार वाढवायचं कबूल केलं. करार गेला असता तर पाठोपाठ व्हिसाही गेला असता.

गुरुवारी यीचेनची आई अहवाल घ्यायला आली. 'विनाकारण तक्रार करणे: पूर्ण बंद' हे वाचून तिला बरं वाटलं. तेवढ्यात बरोबरची दीड वर्षांची धाकटी तिच्या पायाशी आली आणि हात वर करून म्हणाली, "बाओ बाओ."

आईने तिला उचलून कडेवर घेतलं.

निशिगंधाने विचारलं, "काय म्हणाली ती?"

"मला जवळ घे, म्हणाली." आईने यीचेनकडे पाहिलं. "हा कधीच म्हणाला नाही. किती वर्षं वाट बघतोय आम्ही. इथे कधी म्हणाला का हो? एकदा तरी?"

यीचेन कोपऱ्यात ठोकळे लावत होता. समीना मॅडम दारात उभ्या होत्या.

"नाही," निशिगंधा म्हणाली. "इथे कधीच नाही."

आईने मान हलवली. धाकटीला सावरत तिने अहवालावर सही केली.

"पुढच्या वर्षीही त्याला तुमच्याच वर्गात ठेवा," ती म्हणाली. "तुमच्याकडे तो किती शांत असतो."