बंड्याची जांभई

उधन्याच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यातल्या खडखडाटानं धुडकूच्या कानांचं कधीच वाटोळं केलं होतं. मोठ्यानं बोललेलं कळायचं, चिरके, टिपेचे आवाज मात्र, कितीही मोठे असले तरी, गेले ते गेलेच. पण माणूस हट्टी. "माले समदं आयकू येस," म्हणायचा आणि लेकीनं, योगितानं, आणलेलं कानाचं मशीन कपाटात ठेवून द्यायचा.

योगिता आणि बायको उषाबाई एका लग्नाला अमळनेरला गेल्या. डिंडोलीच्या घरात तो आणि बंड्या कुत्रा, दोघंच उरले. तेवढ्यात बंड्यानं खाणं टाकलं. ताटलीपाशी यायचा, पण मान खाली घालायचा नाही. चालायचाही आखडून. बायका नाहीत म्हणून रुसला असेल, असं धुडकूला आधी वाटलं. मग मान धरलीय हे ध्यानात आलं. लूमवर उभं राहून मान धरली की कारागीर एकमेकांची मान तेलानं रगडतात. त्याला दुसरं औषध ठाऊकच नव्हतं. पाळीवरून आला की तेल कोमट करायचा, बंड्याला मांडीशी घ्यायचा आणि रगडायचा. बंड्या तोंड मोठं उघडायचा. जांभई देतोय, म्हणजे बरं वाटतंय, असं समजून हा गडी आणखी जोर लावायचा.

योगिता परतली ती धावतच आत आली.

"आबा, सोडा त्याले! गल्लीना तोंडलोंग वरडनं आयकू ई ऱ्हायनं."

धुडकू बघतच राहिला. "कोन वरडस?"

दवाखान्यात डॉक्टरांनी ताप पाहिला आणि मानेला नुसतं बोट लावलं. बंड्यानं तोंड उघडलं. तीच जांभई. योगितानं मात्र दोन्ही कानांवर हात ठेवले.

"मेनिंजायटिस लगता है," डॉक्टर मोठ्यानं म्हणाले. "दिमाग के ऊपर की झिल्ली सूज गई है. बुखार, अकड़ी गर्दन, छूते ही चीख. बचेगा कि नहीं, अभी नहीं बोल सकता. कब से चिल्ला रहा है?"

 धुडकू आपल्या तेलकट हातांकडे बघत होता. एवढं सोसून कुत्रा एकदाही चावला नव्हता, याचंच त्याला भयंकर वाटत होतं.

तपासण्या झाल्या, रोग तोच निघाला. नशिबानं औषध लागू पडलं. बंड्या स्टुलावर ठेवलेल्या ताटलीतून खाऊ लागला. धुडकू शेजारी बसायचा, पण हात पाठीमागे घेऊन. मशीन आता कानातून निघत नव्हतं.

एका संध्याकाळी बंड्या आपणहून आला, धुडकूच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली आणि त्यानं तोंड मोठं उघडलं. धुडकूनं मशीन कानात दाबून पाहिलं, तरी त्याची खात्री पटेना.

"योगिता, वरडी ऱ्हायना का तो?"

"नही आबा. जांभई दी ऱ्हायना."

"नीट आयक," तो म्हणाला. "परत आयक."