काल्याच्या दिवशीची पंगत

गहिनीनाथ महाराजांना गावच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन मिळालं ते फार उशिरा. प्रवरेकाठच्या त्या गावात आजवर त्यांनी मधल्या दिवसांचीच सेवा केली होती. शेवटच्या दिवसाचा मान बाहेरून येणाऱ्या एखाद्या नावाजलेल्या बुवाकडं जायचा. यंदा दत्तजयंतीच्या सप्ताहाला तो त्यांच्याकडं आला, आणि महाराज रोज आरशासमोर फेटा बांधून पाहू लागले, असं त्यांच्या बायकोनं, पुष्पावतीनं, शेजारणीला हसत सांगितलं होतं.

आणि ऐन वेळी सप्ताह समितीच्या आप्पासाहेबांनी त्या मानाचा पहिला घास काढून डॉक्टर पंकजाला दिला.

पंकजा पाथर्डीकडची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली पोर. शिकून डॉक्टर झाली. कारखान्याच्या आसपासच्या कोप्यांवर, ऊसतोड्यांच्या त्या पाचटाच्या झोपड्यांत, आणि या गावातल्या घराघरांत फिरून तिनं बायकांच्या अंगातल्या रक्ताचा अभ्यास केला. पुण्याच्या मोठ्या परिषदेत तो मांडला, तिथं वाहवा झाली. पण ज्या बायकांनी आपलं दुखणं सांगितलं, त्यांनाच ते कळायला नको का, असं म्हणून तिनं आप्पासाहेबांकडं थोडा वेळ मागितला. आप्पासाहेब म्हणाले, कीर्तनाआधी बोला, तेव्हा मांडव भरलेला असतो.

मांडव कुणामुळं भरलेला असतो, हे त्यांनी सांगितलं नाही. महाराजांना ते लागलं.

बाई बोलायला उभी राहिली. आवाज बारीक, माईकपासून तोंड लांब. महाराजांना जरा बरं वाटलं. त्यांनी बायकांच्या बाजूला नजर टाकली. तिथं कीर्तनात लसूण सोलला जायचा, पोरं रडायची, माहेरच्या गोष्टी निघायच्या. आज तिथं चिडीचूप होतं. आणि त्यांच्या कीर्तनात पहिल्या अभंगालाच पेंगणारी पुष्पावती पुढं सरकून खांबाला टेकली होती, डोळे टक्क उघडे.

पंकजा सांगत होती की दोन बायकांचं रक्त सारखंच कमी असतं. बागायतातल्या बाईला त्याच दिवशी गोळ्या मिळतात. कोपीवरच्या बाईला पुढच्या आठवड्यात ये म्हणतात, आणि पुढच्या आठवड्यात तिची टोळी दुसऱ्याच शिवारात गेलेली असते. दवाखान्यात तिची बोली कुणाला धड समजत नाही, मग डॉक्टर सोबत आलेल्या मुकादमालाच विचारतात, आणि मुकादमासमोर बाई तोंड उघडत नाही.

"माझी आई अशीच गप बसायची," ती म्हणाली. "म्हणून म्हणते, आपल्यातल्या पोरी डॉक्टर झाल्या पाहिजेत. मोठ्या घरातल्या आक्कांनो, तुमचंही रक्त कमीच भरलं बरं का. घरात शेवटी कोण जेवतं, ते आठवा."

मांडवात हळूच हसू फुटलं आणि लगेच विरलं. महाराजांनी मृदंगावर बसलेल्या अजिनाथला खूण केली, की थाप मार, पुरे झालं. अजिनाथ हात मृदंगावर ठेवून बाईकडं बघत बसला होता. त्यानं खूण पाहिलीच नाही.

हेवा माणसाला काय काय करायला लावतो. महाराज गादीवर उभे राहिले ते पोटात निखारा घेऊनच. कीर्तनकार उपाशीपोटी उभा राहतो, त्यामुळं तो निखारा आणखीच फुलला होता. महिनाभर घोकलेलं निरूपण त्यांनी बाजूला सारलं. त्या बाईनं बारीक आवाजात सांगितलं तेच आपण असं सांगू, की लोक तिला विसरतील.

आणि त्यांनी सांगितलं, यात खोट नाही. देवानं सगळ्या सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या, त्याला काला म्हणतात. कुणाची शिळी भाकरी, कुणाचं लोणी, तिथं वेगळं राहिलं का? कुणाला मागं बसवलं का? मग आपल्या घरची लक्ष्मी शेवटच्या पंगतीला का? कोपीवरची माय मांडवाच्या कडेला ताट धरून उभी का? टाळ थांबले होते. माणसं डोळे पुसत होती. महाराजांना वाटलं, आता मांडव आपला झाला.

तेवढ्यात कडेला बसलेली टोळीतली म्हातारी रतनबाई उठली.

"महाराज, मग आज आमची पंगत आधी बसवता का?"

सप्ताहात पहिली पंगत महाराजांची, टाळकऱ्यांची, मग गावच्या बाप्यांची. बायका शेवटी, आणि टोळी त्यांच्याही मागं. महाराजांनी भरल्या मांडवाकडं पाहिलं. आता मागं कसं सरायचं? ते म्हणाले, "बसवतो."

बापे आप्पासाहेबांकडं बघू लागले. आप्पासाहेबांनी घसा खाकरला. "गादीवरनं शब्द गेलाय," ते म्हणाले. "बादल्या उचला."

हंडी फुटली, लाह्या वाटल्या, आणि गावातल्या बायका नि टोळीतल्या बायका एका ओळीत बसल्या. पोटात कावळे ओरडत असताना महाराज आमटीची बादली घेऊन वाढत निघाले. पंकजा आणि पुष्पावती शेजारी शेजारी बसल्या होत्या.

"महाराज, पुण्यात मी हेच सांगितलं, तर लोकांनी लिहून घेतलं," पंकजा म्हणाली. "तुम्ही सांगितलं, तर पंगत फिरली. मला तुमचा हेवा वाटतो."

महाराज सुखावले. त्या भरात ते बायकोपुढं वाकले, आणि त्यांना तिची नखं दिसली, लाह्यांसारखी पांढरी. इतक्या वर्षांत त्यांनी ती पाहिली नव्हती.

"उद्या तुला दवाखान्यात नेतो," ते हळू म्हणाले.

"माझ्या गोळ्या कवाच्या चालू हायती. डॉक्टरबाईंनीच दिल्यात. आता लई फरक हाय."

"मला न्हाई सांगितलंस?"

"त्यांनी इचारलं हुतं," पुष्पावती म्हणाली.

मांडव गेला असता, मान गेला असता, तरी एवढं झोंबलं नसतं. महाराज बादली खाली ठेवून तिथंच उकिडवे बसले. मागची ओळ आमटीसाठी हाका मारत होती.

"चक्कर येती का गं अजून?" त्यांनी विचारलं.

पुष्पावतीनं पत्रावळ पुढं सरकवली.

"येती कधी कधी. सांगते. आधी आमटी वाढा."