माणसाळलेला जंतू

प्रयोगशाळेत त्या जंतूला सगळे जावईबापू म्हणत. दर आठवड्याला ताजी बशी, वेळेवर खाणं, हवी तेवढी ऊब. सख्ख्या जावयाचेही कुणी एवढे लाड करत नाही. त्याला पोसणाऱ्या संशोधक मुलीच्या वडिलांच्या पायाच्या जखमेतून तो आला होता आणि त्यानेच त्यांना नेलं होतं, हे फक्त तिच्या सरांना ठाऊक होतं.

"अगं, गोठवून ठेव त्याला. पोसत कशाला बसतेस?" सर म्हणाले होते. ती ऐकेना. तिने डूख धरला होता. त्याला मारायचं होतं, म्हणून तो डोळ्यांसमोर जिवंत हवा होता.

झाडपाल्यातून जंतुनाशक शोधणं हे तिचं काम. कितीतरी पाल्यांचे अर्क काढले, जावईबापू ढिम्म. उरला आईचा पाला, कुंपणावरच्या वेलीचा. त्याला हात लावायला ती घाबरत होती. वडील दवाखान्यात असताना आईने तो वाटून जखमेवर लावला होता, आणि हिने नर्ससमोर आईला चार शब्द सुनावून पुसून काढला होता. तेव्हापासून आई एकच विचारायची, "लागू पडला असता का गं?"

शेवटी तिने अर्कात भिजवलेली कागदी टिकली जंतूच्या बशीत ठेवली. शेजारी दवाखान्यात हरलेल्या औषधाची टिकली. ही दुसरी ठेवणं तिने मध्यंतरी सोडूनच दिलं होतं. तो त्या औषधाला दाद देत नाही, हे तिला कुणी सांगायला हवं होतं?

सकाळी पाल्याभोवती स्वच्छ कडं होतं. जंतू मेला होता. म्हणजे लागू पडला असता. मग तिने शेजारी पाहिलं. हरलेल्या औषधाचं कडं त्याहून मोठं होतं.

सरांनी बशी उजेडात धरली. "माणसाळलाय तुझा जावई. इतके महिने औषधाशी गाठच पडली नाही, मग झुंजायची ताकद कशाला बाळगेल? आता याला काहीही मारेल."

वडिलांना नेणारा जंतू आता कुठेच उरला नव्हता. तिनेच लाड करून तो संपवला होता.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझा पाला?"

"आता कळणार नाही, आई. कधीच."

आईने हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली.

"तुला अजून कळत नाही," ती म्हणाली, "मग तेव्हा कशाच्या जोरावर पुसलास?"