पडद्यावरचं आडनाव

मार्च संपत आला तसे मिसुझुचे डोळे सतत चुरचुरायला लागले. जपानातल्या सुवा गावच्या बेअरिंगच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग म्हणजे ती आणि तिचे साहेब नेझू, एवढंच. एक एप्रिलला बदल्या, बढत्या, नवी भरती सगळं एकदम होणार, आणि त्याच दिवसापासून प्रत्येकाचं लॉगिन थेट कर्मचारी नोंदीतून तयार व्हावं असा वरून हुकूम आलेला. म्हणून दोन्हीकडची नावं जुळवायचं काम तिच्या गळ्यात पडलं. कुणी केव्हाच निवृत्त झालेला, पण लॉगिन चालू. कुणी ओसाकाला बदलून गेलेला, तरी इथल्या फाइली उघडतोय. एक निस्तरावं तर दुसरं पुढ्यात.

त्यात गोदामातल्या सुगानुमाबाई आल्या. लग्नानंतर सरकारदरबारी त्यांचं आडनाव बदललं होतं, पण कारखान्यात सगळे त्यांना माहेरच्याच नावाने ओळखत. ईमेलवर तेवढं तेच राहू द्या, गिऱ्हाइकं गोंधळतात, असं त्या अजिजीने म्हणाल्या. मिसुझुने साहेबांना विचारलं. नोंदीत असेल तेच पडद्यावर, एकाला सूट दिली की रांग लागेल, असं ते म्हणाले. तिने तो निरोप जसाच्या तसा दिला. सुगानुमाबाई वाकून नमस्कार करून गेल्या. वाईट वाटून घ्यायचंही मिसुझुच्या अंगात त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाचणी म्हणून तिने आपल्याच विभागाची नोंद ओढून पाहिली. नेझूंचं नाव नीट आलं. खाली आलं : हारिगाए मिसुझु.

क्षणभर तिलाच कळेना, ही कोण. मग आठवलं. ऑक्टोबरात घटस्फोट झाला, माहेरचं आडनाव परत लागलं, आणि आरोग्यविम्यासाठी तिने ते फक्त कर्मचारी विभागाला कळवलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ती अजून नवऱ्याच्या आडनावाने कागायाच होती. आता एक तारखेला अख्ख्या कारखान्याला कळणार.

आपलं नाव वगळणारी एक ओळ प्रोग्राममध्ये घातली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. तिने ती ओळ लिहिली. मग पुन्हा वाचली, आणि खोडली.

नेझू जिन्यापाशी कॅनमधली कॉफी पीत उभे होते.

"साहेब, एक तारखेला पडद्यावर माझं नाव बदलेल."

"का, नवऱ्याने आडनावबिडनाव बदललं की काय?"

"लग्न मोडलंय. ऑक्टोबरातच."

नेझूंनी कॉफी खाली ठेवली. "सांगायचं नाही का, कागायासान?"

"कधी सांगू? रोज नवं काम आणून ठेवता पुढ्यात."

ते हळूच म्हणाले, "तुमचं तेवढं वगळून टाका. मी काही बघितलं नाही."

"मग सुगानुमाबाईंचंही वगळते."

"त्यांचं वेगळं आहे हो."

"काय वेगळं आहे?"

शेवटी त्यांनी मान डोलावली : कामावरच्या नावाचा वेगळा रकाना करा, ज्याला हवं त्याने भरावा, वरच्यांना मी सांगतो. "पण करायचं तुम्हालाच हं," एवढं मात्र जाता जाता म्हणाले.

साहेब म्हणाले होते तशी रांग लागलीच. बहुतेक बायका, आणि एक सासऱ्याच्या घरी दत्तक जाऊन बायकोचं आडनाव लागलेला लेथवाला. मिसुझुने गोदामात फोन लावला. सुगानुमाबाईंनी आभार मानले, पण त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना नवं आडनाव कळवूनही टाकलं होतं. आता पुन्हा कुठे सांगत बसू, राहू दे, असं त्या म्हणाल्या. मिसुझुने माफी मागितली. त्या म्हणाल्या, तुमच्या हातात काय होतं. तिला ते खोडून काढता आलं नाही आणि मान्यही करवेना.

मग आपल्या नावापुढचा रकाना तिने उघडला. कोणतं आडनाव आपलं, हे ठरवण्याइतकी ती जागी नव्हती. लोक ज्या आडनावाने हाक मारत होते ते, कागाया, तिने भरलं, आणि रांगेतलं पुढचं नाव घेतलं.