छत्रीच्या कापडाचा पडदा

फखरुद्दीन शेठना मोटारीतलं सगळं कळायचं. म्हणूनच त्यांची जुनी अँबॅसेडर मेकॅनिककडे कधी जात नसे आणि वेळेवर कुठे पोचतही नसे. सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत ठाण्याहून निजामपुऱ्याला आमच्या लूमकडे येताना ती वाटेत काल्हेरपाशी गचके देत बंद पडली. गाडीत आम्ही तिघं: शेठ, त्यांच्या पॉवरलूमचा कारकून मी, आणि मागे अवधूतराव. अवधूतरावांचा ठाण्यात छत्र्यांचा कारखाना होता. त्यांनी कापडाची ऑर्डर दिली तर आमचे लूम चालणार, नाहीतर टाळं लागणार आणि माझी नोकरी जाणार. याची काळजी शेठ सोडून सगळ्यांना होती.

शेठनी बॉनेट उघडलं. टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला देणारा पंप हात जेमतेम शिरेल अशा सांदीत बसलेला. बोटं सोलून घेत, मला शिव्या घालत त्यांनी तो एकदाचा बाहेर काढला. झाकण उचललं तर आतला रबर चढवलेल्या कापडाचा पडदा फाटलेला.

"शेठ, रिक्षाने जाऊन नवीन पडदा आणतो," मी म्हणालो.

"काय गरज हाय? पडदा म्हणजे कपडाच ना? आणि कपडा कोणाचा चांगला, सांग!" शेठनी डिकीतून नमुन्याचा ताका काढला. "बघा अवधूतराव, कशी घट्ट विणाई हाय! कितीबी पाऊस पडू दे, थेंब न्हाय शिरणार."

मी खाली बघत स्क्रू गोळा करायला लागलो. सूत वाचवायला याच कापडात आडवा धागा विरळ करायचा हुकूम शेठनीच दिला होता.

त्यांनी चार पदरी तुकडा कापून बसवला, स्क्रू आवळले, पंप जागेवर लावला आणि ऐटीत स्टार्टर मारला. पंपाच्या बुडातून पेट्रोल असं गळायला लागलं, की अवधूतरावांनी घाईघाईने सिगारेट विझवली.

"पेट्रोल पातळ असतं साहेब," शेठ म्हणाले. "पाण्याची गोष्ट वेगळी."

"तेही खरंच," अवधूतराव म्हणाले. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि ताक्याचं टोक माझ्या हातात दिलं. "धरा ताणून. ओतून बघू."

मी कापड ताणून धरलं. तेवढ्यात शेठ पुढे झाले, बाटली काढून घेतली आणि केव्हाच थंड पडलेलं इंजिन "तापलंय" म्हणत सगळं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. रेडिएटर काठोकाठ भरलेलाच होता. पाणी वरून सांडून रस्त्यावर वाहू लागलं.

अवधूतराव ते सांडून संपेपर्यंत बघत राहिले. मग रस्ता ओलांडून त्यांनी ठाण्याकडे जाणाऱ्या रिक्षाला हात केला.