एकेरी भिंत

खोलीत सात टेबलं होती, प्रत्येकाला समोरासमोर दोन खुर्च्या, टेबलावर पाण्याची एकच बाटली, आणि प्रशिक्षकांच्या हातात एक घंटी. एक खुर्ची मागणाऱ्याची, दुसरी देणाऱ्याची. संस्थांसाठी देणग्या उभारणाऱ्या ‘होतकरू नेतृत्वाचा’ तो वर्ग तीन महिने दर शनिवारी भरत होता. आज शेवटचा शनिवार. चव्वेचाळिसाव्या वर्षी आपल्याला कुणी होतकरू म्हणतंय, याचं तिला पहिल्याच दिवशी हसू आलं होतं.

लहान मुलांचे कान तपासणाऱ्या एका केंद्रासाठी ती देणग्या मागायची. तोंडाचा पट्टा असा, की केंद्रात तिचं नाव टकळी पडलं होतं आणि ते इथवर पोचलं होतं.

“आज समोर खरे देणगीदार बसणार,” प्रशिक्षक म्हणाले. “मागणी सरावाची. नियम एकच. मागून झालं की गप्प. समोरचा विचार करत असतो, त्याला करू द्या. टकळीताई, ऐकताय ना?”

“तोंडाला कुलूप घातलंय, सर. किल्ली तुमच्याकडेच ठेवा.”

वर्ग हसला. तेवढ्यात पाहुणे आत आले आणि तिच्या समोर ओळखीचे एक कारखानदार येऊन बसले. तिचं हसू मावळलं.

दोन वर्षांपूर्वी ती यांच्याच ऑफिसात गेली होती. केंद्राला कान तपासायला बाहेरचा आवाज न येणारी खोली हवी होती: दुहेरी भिंती, मधे पोकळी, जाड दार. तिने पूर्ण खर्च मागितला. त्यांनी चष्मा काढला आणि सावकाश पुसू लागले. बोलेनात. तिला ती शांतता सोसवेना. “नाहीतर निम्मा दिलात तरी चालेल, साहेब,” ती बोलून गेली. त्यांनी चष्मा चढवला आणि निम्म्याचा चेक लिहिला. रिकाम्या हाती आलो नाही, म्हणून ती खुशीत परतली. उरलेला निम्मा कुठेच मिळाला नाही. रस्त्याकडची भिंत एकेरी राहिली.

“ओळखलंत ना?” तिने विचारलं.

“न ओळखायला काय झालं! खोली कशी चाललीय?”

घंटी वाजली. तिने खरं तेच सांगितलं. “रस्ता आत येतो, साहेब. बारीक आवाज त्यात बुडतात. नीट ऐकणारं मूल आणि थोडं कमी ऐकणारं मूल, दोघांचा निकाल सारखाच येतो. मग त्या दुसऱ्याला शाळेत मठ्ठ म्हणतात.” तिने श्वास घेतला. “आतल्या भिंतीचा पूर्ण खर्च तुम्ही द्याल का?”

हा आता सराव राहिला नव्हता.

त्यांनी चष्मा काढला. पुसू लागले. ‘निम्मा’ तिच्या जिभेच्या टोकाशी आला; तिने ओठ घट्ट मिटले आणि टेबलाखाली पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“शिकलात की!” ते हळूच म्हणाले. मग जरा थांबून, “त्या दिवशी मी पूर्णच देणार होतो. मनात आकडा पक्का झाला होता. तेवढ्यात तुम्हीच निम्म्यावर आलात. म्हटलं, बाईंचं तेवढ्यात भागतंय.”

आता गप्प बसायला नियमाची गरज नव्हती.

“आता चेकवर सह्या मुलाच्या,” ते म्हणाले. “मी ऑफिसात आपला चहापुरता जातो. तुमच्यासाठी शब्द टाकतो, पण यंदा त्याने सगळ्यांनाच नाही म्हटलंय. आशेवर राहू नका.”

“वा, टकळीताई!” प्रशिक्षक मागे येऊन उभे होते. “याला म्हणतात थांबणं! टाळ्या!”

टाळ्या झाल्या. प्रमाणपत्र मिळालं.

सोमवारी ती केंद्रात आली, तेव्हा ऑडिओलॉजिस्ट मैत्रीण तपासणीच्या खोलीत आवाज मोजायचं यंत्र लावत होती.

“काय गं, झालीस का नेता?”

“झाले बाई.”

“मग आमची भिंत?”

“नाही होत,” ती म्हणाली. “आज किती येतंय?”

“तिसाच्या खाली यायला हवं. बघू. पण तू गप्प बसशील तर! मागच्या वेळी तुझीच टकळी मोजली मी.”

दोघी मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसल्या. मैत्रिणीने दार ओढून घेतलं. बाहेरून काहीतरी जड गेलं. ते पार लांब जाईपर्यंत त्या थांबल्या. मैत्रिणीने दोनदा तिच्याकडे पाहिलं. ती हूं की चूं करत नव्हती.

यंत्रावरचा आकडा खाली आला, थोडा हलला आणि स्थिर झाला. एक्केचाळीस डेसिबल.